सोन्याची खाज

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या मानेला खाज सुटली आणि मला कुठेच चैन पडेना. भिवंडीच्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचे. सुट्टीतले जादा तास होते, धडा शरीराचे रक्षण करणाऱ्या टी पेशींचा होता आणि फळ्याकडे वळले की हात आपोआप पदराखाली जायचा.

निम्म्या मुलांच्या घरी कापडाचे लूम, म्हणून मी कारखान्याच्या भाषेत सांगायचे. हेल्पर पेशी म्हणजे मुकादम, स्वतः मारामारी करत नाही, बाकीच्यांना कामाला जुंपते. किलर बिघडलेल्या पेशीला तिथल्या तिथे संपवते. मेमरी एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही. आणि सप्रेसर म्हणते, पुरे आता, मशीन बंद करा. मागच्या बाकावरून एकाने विचारलेच, मॅडम, तुमची सप्रेसर सुट्टीवर गेली का? वर्ग हसला. मी त्याला बाहेर काढले आणि मग तासभर स्वतःवरच चिडले.

खाज दर मंगळवारी वाढायची. त्यामुळे संशय सोमवारच्या गोष्टींवर. आमच्या कोन गावाहून भिवंडीला जाणारी शेअर रिक्षा, प्रयोगशाळेतली रसायने, हवेत उडणारा कापसाचा तूस. साबण बदलला, पावडर सोडली. रात्री कूस बदलून बदलून नवऱ्याचीही झोप मोडली. रविवारचा विचार मनात आला नाही, कारण रविवारी मी फक्त सोने घालायचे.

ते सोने म्हणजे सासूबाईंची बोरमाळ. लग्नात त्यांनी ती माझ्या गळ्यात घातली होती. त्यांचे वडील, आमचे आजोबा, दर रविवारी वडपे गावाहून जेवायला यायचे आणि ती माझ्या गळ्यात दिसली की खुलायचे. ही मी माझ्या पोरीला केली, ते प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. आता त्यांच्या जमिनीवर गोडाऊन उभी होती, भाडे येत होते, पण पोरीच्या लग्नात घरात भातसुद्धा वर्षभर पुरत नव्हता. तरी मी सोने दिले, हा त्यांचा अभिमान. ते गेले की माळ परत कपाटात.

शेवटी डॉक्टर गाठला. त्याने पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवस आंघोळ करू नका म्हणाला. मे महिना, भिवंडी, आणि आंघोळ नाही. मी घरभर येरझाऱ्या घातल्या. पट्ट्या निघाल्या तेव्हा निकेलखालची कातडी लालभडक होती. सोन्याच्या पट्टीखाली काहीच नव्हते.

गळ्यात काय घालता, त्याने विचारले. सोने, मी म्हणाले आणि मनात दिवस मोजू लागले. या टी पेशी लगेच धावून येत नाहीत. आधी ओळखतात, मग जमतात, त्यात दोन दिवस जातात. रविवार, मंगळवार. माळ गिलिटाची होती. मुलामा घासला होता, घाम लागला की आतले निकेल कातडीत उतरत होते. सोनाराच्या कसोटीची गरजच उरली नाही.

घरी येताना एकच विचार. सांगू कोणाला? सासूबाईंना सांगावे तर त्यांच्या बापाचा शब्द खोटा पडणार. न सांगावे तर दर रविवारी मानेची सालटी. मला राग आला होता, कोणावर ते कळत नव्हते. नवऱ्यालाही सांगितले नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी सासूबाई झोपल्याचे पाहून मी दार लोटले आणि माळेच्या मण्यांना आतल्या बाजूने बिनरंगाची नेलपॉलिश लावायला बसले. थर दिला की निकेल कातडीला लागत नाही, हा डॉक्टरचा उपाय. चार-पाच मणी झाले असतील, सासूबाई दारात उभ्या. वास कसला, त्यांनी विचारले. मी काहीतरी पुटपुटले, चकाकी राहावी म्हणून वगैरे.

त्या शेजारी येऊन बसल्या. माझा पदर बाजूला करून मानेवरचे चट्टे पाहिले. मग स्वतःच्या पदराची गाठ सोडावी तितक्या सावकाश बोलल्या.

"माजी मान बी अशीच सोलायची. मी आतून फडका शिवायची."

मी म्हटले, म्हणजे तुम्हाला ठाऊक होते.

"पयल्या वर्सापासून. बापाकडं तवा काय व्हतं? त्याला वाटतं मना म्हायत न्हाय." त्यांनी मण्यांवर फुंकर मारली. "तो हाय तवर घाल. मंग मीच काडीन तुझ्या गल्यातून."

बाटली त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि दुसऱ्या टोकाकडून मणी रंगवायला सुरुवात केली.