दातातली वायर

इंजिनवाल्याला अख्खी गल्ली 'साडेचार' म्हणायची, कारण उजव्या हाताचं अर्धं बोट त्याने रिमोटच्या विमानापायी घालवलं होतं. त्या विमानाला कुणी खेळणं म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. त्यातल्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचा पंखा काकडी चिरावी तसं हाड चिरतो. म्हणून पंख्याला हात लावण्याआधी तो स्पार्कच्या बॅटरीची लाल वायर उपटून दातात धरायचा. वायर दातात असली की ठिणगी पडणार नाही, एवढी त्याला खात्री.

त्या दुपारी बहिणीचा नवरा आपलं विमान दुरुस्तीला घेऊन आला. साडेचारने त्याची लाल वायर उपटून दातात धरली आणि व्हॉल्व्ह तपासायला पंखा हाताने फिरवू लागला. दाजी पंख्यापाशी तोंड नेऊन वाकले आणि कौतुकाने म्हणाले, "यात मी स्पार्कला दुसरी बॅटरीपण बसवलीय बरं का. एक बंद पडली तर असावी."

पंखा तोवर निम्मा फिरला होता. साडेचारने दाजींच्या छातीत सणसणीत लाथ घातली. दाजी कपाटावर आदळले आणि त्याच क्षणी इंजिन पेटलं. भिंतीवर रक्ताची चिळकांडी उडाली, दोन बोटं टेबलाखाली जाऊन पडली.

बहीण धावत आली तेव्हा भाऊ मनगट आवळून जमिनीवर बसला होता. दाजी छाती चोळत तणतणत होते, "लाथ घातली मला याने. तोंडाने सांगता येत नव्हतं?"

लाल वायर अजून त्याच्या दातातच होती.