शेजारच्या खाटेवरचा डबा

करतारसिंग गोष्ट ऐन मोक्याला थांबवत. अकोल्याच्या गुरुद्वाऱ्यात रविवारी लंगरची पंगत बसण्याआधी ते जमलेल्यांना साखी सांगत. साखी म्हणजे गुरूंची परंपरेनं चालत आलेली गोष्ट. मध्येच गप्प होऊन ते समोरच्या कोणाकडे तरी बोट दाखवत. "बोल, तू असता तं काय केलं असतं?" उत्तर मिळेपर्यंत गोष्ट पुढे सरकत नसे. वाढपी खोळंबत. "दाल थंडी होऊन राहिली, ग्यानीजी," असं कोणी म्हटलं, की ते म्हणत, "होऊ दे. डोकं गरम पाहिजे."

ट्रकची बॉडी बांधण्याचं त्यांचं वर्कशॉप आमच्या दैनिकाच्या कार्यालयासमोर होतं. घराणं आजोबांच्या काळापासून अकोल्यात. वऱ्हाडी त्यांना पंजाबीपेक्षा सहज येई. आवडती साखी भाई लालोची. लालो गरीब सुतार, हलक्या मानलेल्या जातीचा. गुरू नानक त्याच्या घरी जेवले आणि मलिक भागो या धनवान अधिकाऱ्याची मेजवानी त्यांनी नाकारली. जाब विचारला गेला तेव्हा त्यांनी एका हातात लालोची आणि दुसऱ्या हातात भागोची रोटी धरून पिळली. लालोच्या रोटीतून दूध ठिबकलं, भागोच्या रोटीतून रक्त. "घामाची भाकर ज्याच्या घरी, तेच घर मोठं. बाकी सब झूठ," असं म्हणून करतारसिंग साखी संपवत.

त्यांची मुलगी जसबीर हे ऐकतच वाढली. पाणीपुरवठा विभागातला राहुल नावाचा अभियंता, बार्शीटाकळीच्या बौद्ध कुटुंबातला, लंगरला येऊ लागला. करतारसिंग स्वतः आग्रहानं त्याच्या ताटात रोटी वाढत. याच्याशी लग्न करायचं आहे, असं जसबीरनं सांगितलं तेव्हा मी वर्कशॉपमध्ये चहा घेत होतो.

"लंगरात कोणीबी बसो," ते म्हणाले. "सोयरीक येगळी गोष्ट हाये."

"मंग गुरू लालोच्या घरी कावून जेवले, पापाजी?"

"ते गुरू होते. मले बिरादरीत राहायचं हाये."

"अन् मले हे शिकवलं कोनं?"

त्यांनी वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

लग्न अमरावतीत, नोंदणी पद्धतीनं झालं. ते गेले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी लालोचीच साखी सांगितली. आवाज कुठंही अडखळला नाही.

काही वर्षांनी माझी बदली अमरावतीला झाली. मूत्रपिंडं निकामी होऊन करतारसिंगही तिथल्याच एका रुग्णालयात आले. जसबीरचं घर जवळ होतं. ती रोज डबा आणायची. ते तो न उघडता, तिच्यादेखत, शेजारच्या खाटेवरच्या वामनरावांना देत. वामनराव चांदूर बाजारचे, दम्यानं बेजार. "घ्या. भुकेल्याच्या पोटात जाऊ द्या. सेवा हाये," असं म्हणून करतारसिंग स्वतः उपाहारगृहातली खिचडी मागवत. वामनराव जेवत असताना ते त्यांना साखी सांगत. लालोचीसुद्धा.

जसबीरनं डबा बंद केला नाही. एके दुपारी मात्र ती वडिलांच्या खाटेपाशी थांबलीच नाही. तिनं डबा सरळ वामनरावांच्या हातात दिला.

"घ्या काका, तुमालेच देते. हातोहात कायले फिरवा?"

मी तिथंच होतो. करतारसिंगांनी भिंतीकडे कूस वळवली. ती गेल्यावर आणि पाठोपाठ मीही निघाल्यावर काय झालं, ते वामनरावांनी मला नंतर सांगितलं.

"आज काय हाये?" करतारसिंगांनी कूस न बदलता विचारलं होतं.

"दुधीची भाजी."

"कशी झाली?"

"अळणी. रोजच अळणी असते. पोरगी तुमच्याच पथ्याचं करते, सरदारजी. घेता का एक घास?"

त्यांनी नुसता हात हलवून नको म्हटलं. त्याच आठवड्यात ते वारले.

अकोल्याच्या गुरुद्वाऱ्यात अंतिम अरदास, म्हणजे त्यांच्यासाठीची शेवटची प्रार्थना, झाली. तीन-चार जण बोलले. करतारसिंग साखी नुसत्या सांगत नसत, जगत असत, असं एकानं सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. मग पंगत बसली. राहुल रोट्या वाढत होता, जसबीर दाल. ती माझ्यापाशी आली तेव्हा मी तिला वामनरावांकडून कळलेलं सांगितलं. तिनं दालीची बादली खाली ठेवली.

"भाजी कशी झाली ते इचारलं?" ती म्हणाली. "एक घास खाऊन पाहाले कोनं धरलं होतं त्याइले?"