मशीनवाले मिस्त्री घरी आहेत का?

पासष्टची लढाई थांबली आणि दोन-तीन महिन्यांनी आमचं लग्न झालं. बायको अमरावतीहून जबलपूरला आली ती एक ट्रंक आणि एक हातानं फिरवायचं शिलाई मशीन घेऊन. मशीन तिच्या आत्यानं वापरून वापरून दिलेलं होतं. दीक्षितपुऱ्यात आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीच्या खिडकीत ते मशीन बसलं आणि खिडकी जवळजवळ बंदच झाली.

मी तेव्हा संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत फिटर होतो. म्हणजे दिवसभर लोखंडाला कानस मारायची, माप बघायचं आणि पुन्हा कानस मारायची. केसाइतका फरकसुद्धा चालत नसे. घरी मात्र माझ्या हातून भिंतीत एक खिळा सरळ जात नाही, असं बायको पहिल्याच आठवड्यात सगळ्या गल्लीला सांगून मोकळी झाली होती.

एका रविवारी सकाळी ती वैतागून मशीनपासून उठली. "धागा तुटून राहिला सारखा. काहून तुटते, काही समजतच नाही."

मी सहज म्हणून मशीन उलटं केलं. सुईच्या खाली चंद्रकोरीसारखा एक तुकडा फिरतो, त्याला शटल म्हणतात, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. पण त्याच्या टोकावरून नख फिरवलं तर नख अडकलं. डोळ्याला दिसणार नाही असा ओरखडा होता. बारीक पॉलिश पेपरनं तो घासला, चामड्याच्या तुकड्यानं पुसला आणि पुन्हा बसवला. मशीन असं चाललं की तिनं फाटकी उशी, न फाटलेली उशी, माझा पायजमा, सगळं शिवून काढलं.

हे शेजारच्या दीदींना कळलं. त्या आपलं मशीन कडेवर घेऊन आल्या. त्यांच्या बहिणीचं आलं, बहिणीच्या जावेचं आलं. मग एक दिवस बाजारातले एक वयस्कर दर्जी आले. गळ्यात टेप, तोंडात पान. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. सायकलच्या कॅरिअरवर चादरीत गुंडाळलेलं मशीनचं डोकं होतं. शहरातल्या दोन मिस्त्रींनी ते सोडून दिलं होतं.

मी उघडून बसलो, ते समोर उकिडवे बसून बघत राहिले.

"यह काम सीखा कहाँ?"

"फॅक्टरी में."

"वहाँ सिलाई मशीन बनती है?"

"नहीं."

"फिर?"

"लोहा तो लोहा है, मास्टरजी."

त्यांना हे उत्तर काही पटलं नाही. पण मशीन चाललं ते पटलं. पुढच्या महिन्यात अर्ध्या बाजाराची मशीनं आमच्याकडे येऊ लागली.

आता माझं दिवसाचं गणित असं झालं. पहाटे पाचला उठून दीड तास मशीनचं काम. मग सायकलवर फॅक्टरी, भोंगा वाजायच्या आत. संध्याकाळी परत आलो की चहा घेऊन पुन्हा तासभर. रविवारी सकाळच्या बसनं मझौली गावाला. तिथल्या बाजारात पाच-सहा दर्जी ओळीनं बसत, त्यांची मशीनं तिथंच झाडाखाली सुधारून द्यायची. दर्जी पैशाबरोबर कधी वांगी देत, कधी गूळ. एकदा एकानं कोंबडी देऊ केली. मी बसमध्ये जिवंत कोंबडी घेऊन बसायला तयार होत नाही म्हणून तो खूप नाराज झाला होता.

हे सगळं मीच करतो, अशी माझी समजूत होती. खरं तर मी घरी नसताना मशीन ठेवून घेणं, कोणाचं कोणतं हे लक्षात ठेवणं आणि काय बिघडलं ते विचारून घेणं हे बायकोच करत होती. लोक काहीही सांगतात, हे तिला लवकर कळलं. म्हणून तिनं सांगणं ऐकायचंच सोडलं. आलेल्या माणसाला ती एक चिंधी द्यायची आणि म्हणायची, यावर दोन ओळी शिवून दाखवा. ती चिंधी मशीनलाच टाचून ठेवायची. मी घरी आलो की चिंधी बघून सांगायची, "याचा खालचा धागा ढिला आहे. त्याचे कापड सरकवायचे दाते झिजले. याला काहीच झालं नाही, सुई उलटी लावली बाईनं."

मी हसायचो. मशीन उघडलं की तिचंच बरोबर निघायचं. तरी मी हसायचं सोडलं नाही.

एकाहत्तर साली पुन्हा लढाईचं वातावरण आलं आणि फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला. बारा-बारा तास काम, रविवारची सुट्टी बंद. इकडे शहरातल्या दर्ज्यांनाही जाड कापडाचं काम मिळालं, तंबूंची झाकणं, थैल्या वगैरे. सदरे शिवायच्या मशीनवर ते कापड चालवलं की मशीन दोन दिवसांत रुसून बसायचं. बाहेरच्या खोलीत अकरा मशीनं जमली. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, ती त्या मशीनांच्या मधून कशी चालायची तिचं तिलाच माहीत. दिवसभर दारात एकच आवाज, "मशीनवाले मिस्त्री घरी आहेत का?" मराठी असेल तर मराठीत, नाहीतर हिंदीत. मिस्त्री घरी नसतच. आणि आले तर पोळीचा घास हातात धरून झोपी जात.

एका संध्याकाळी आलो तर खोलीत सातच मशीनं.

"बाकीची कुठं गेली?"

"घेऊन गेले."

"कोण?"

"ज्यांची होती ते."

"दुरुस्त न करता?"

"दुरुस्त करून," ती म्हणाली आणि भाजी ढवळायला लागली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. "तुला कानस धरता येते?"

"सहा वर्षं तुमच्या समोर बसून राहिली मी. डोळे मिटून बसली होती का?"

"आणि बिघडलं म्हणजे? नाव माझं जाईल."

तिनं भाजी खाली उतरवली. सकाळी चहाच्या कपाशेजारी तिनं एक शटल ठेवलं. मी नख फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. नख कुठंच अडकलं नाही. माझ्या हातचं काम होतं त्याहून स्वच्छ. मी चहा प्यायलो आणि निघालो.

सायकलवर पाऊण तास माणूस एकटा असतो. त्या पाऊण तासात मला माझीच लाज वाटली. कारखान्यात माझ्या उस्तादानं माझं पहिलं काम असंच नखानं तपासलं होतं आणि पाठीवर थाप मारली होती. मी काय केलं? तर नाव जाईल म्हणून बसलो. त्या आठवड्यात एक दिवस सुटी लवकर झाली, तेव्हा बाजारातून बारीक कानशींचा नवा संच आणला आणि तिच्यासमोर ठेवला. माफी वगैरे मागायची आमच्या घरात पद्धत नव्हती. तिनं एकेक कानस उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "ही गोल आहे ती चांगली आहे." झालं.

पुढं दोन आठवडेही गेले नसतील, फॅक्टरीतल्या साहेबांकडे माझ्याविरुद्ध चिठ्ठी गेली. सही नव्हती. सरकारी नोकरीत असून घरी धंदा करतो, एवढंच लिहिलं होतं. कोणी लिहिली ते कधी कळलं नाही, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाजूच्या बाकावरचा माझा सोबती म्हणाला, "सरळ नाही म्हणून सांग. घरी येऊन कोण बघते?" पण मझौलीपर्यंत सगळ्या दर्ज्यांना माहीत होतं, नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

साहेबांसमोर उभा राहिलो. सगळं सांगितलं. आधी मी करत होतो, ओव्हरटाइम लागल्यापासून बायकोच करते.

साहेब हसले. "सब यही कहते हैं. काम खुद का, नाम बीवी का."

"नहीं साहब, काम उसी का है."

त्यांनी ती चिठ्ठी घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाले, फॅक्टरीच्या वसाहतीतल्या हॉलमध्ये बायका जवानांसाठी कपडे शिवतात, तिथली नऊ मशीनं बंद पडली आहेत. उद्या तुझ्या मिसेसला पाठव. तू मात्र आपल्या बाकावर राहशील.

मी रात्रभर तिला सूचना देत होतो. तिनं कूस बदलली आणि झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून दोन तुकडे वाया गेले. तिकडं काय झालं ते मला नंतर कळलं. ती पिशवीत कानशी आणि तेलाची कुपी घेऊन गेली. आधी प्रत्येक बाईला चिंधीवर दोन ओळी शिवायला लावल्या. सगळ्या चिंध्या टेबलावर मांडल्या आणि उभ्यानंच बघत राहिली. साहेबांच्या बाईसाहेबांना वाटलं, हिला काही येत नाही, वेळ काढते आहे. मग ती कामाला लागली. दोन मशीनांच्या नुसत्या सुया बदलल्या. जेवणाच्या भोंग्यापर्यंत आठ मशीनं चालू झाली. नवव्यापाशी तिनं हात पुसले आणि सांगितलं, "याचा आतला भाग तुटला आहे जी. हे मी नाही करू शकत. नवा आणावा लागेल."

साहेबांना म्हणे हे नववं मशीनच सगळ्यात जास्त आवडलं. संध्याकाळी मला बोलावून त्यांनी अर्ज लिहायला लावला, की माझी पत्नी शिलाई मशीन दुरुस्तीचं काम करते, हे कळवत आहे. "और तुम हाथ नहीं लगाओगे," ते म्हणाले. मी हो म्हणालो. ते मी बऱ्यापैकी पाळलं. सायकलवरून सामान आणणं, मशीन पोचवणं, तेल ओतणं एवढंच करायचो. तेल ओतणं म्हणजे हात लावणं होतं की नाही, हे मी कधी साहेबांना विचारलं नाही.

लढाई संपली, ओव्हरटाइम संपला, रविवार परत आला. मझौलीला आता ती जायची, मी मुलीला सांभाळायचो. बाहेरच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं नवं दार पाडून घेतलं आणि पाटी लावली. नवीन गिऱ्हाईक आत येऊन माझ्याकडंच बघायचं, मी तिच्याकडं बोट दाखवायचो. मी रिटायर झालो तोपर्यंत तिचं दुकान शहरात सगळ्यांना माहीत होतं.

हॉलमधल्या दोघी जणी त्या नऊ मशीनांच्या दिवसानंतर तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या होत्या. दोन वर्षांत चांगल्या तयार झाल्या आणि एकीनं आमच्यापासून चार गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं. मला फार राग आला.

"तू शिकवलं आणि ती आता आपलेच गिऱ्हाईक घेऊन जाऊन राहिली," मी म्हणालो.

"जाऊ द्या ना," ती म्हणाली. "मला वेळ कुठं आहे?" आणि त्याच दुपारी दोन मशीनं मला सायकलवर लादून दिली, त्याच नव्या दुकानात पोचवून यायला.