दोन टोले

कानात शिट्टी सुरू झाली त्या दिवशी मला वाटलं, शेजारी कुकर लागलाय. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "कुठे काय?" त्यानंतर ती शिट्टी थांबलीच नाही. मोरा बंदरातून मुंबईला जाणाऱ्या एका लाँचवर मी एकवीस वर्षं इंजिन ड्रायव्हर होतो. लाँचच्या पोटात, डिझेल इंजिनाला खेटून बसायचं काम. कानाला काही लावायची पद्धत आमच्यात नव्हती. फार तर डोक्याला फडकं गुंडाळायचं. हळूहळू बायकोचं बोलणं अर्धंच कळायला लागलं आणि उरलेलं मी अंदाजाने भरू लागलो. बंदरावरच्या देवीला रोज हात जोडून एकच सांगायचो, आई, एवढी शिट्टी घालव. काही फरक पडत नव्हता. आपलं गाऱ्हाणं तिच्यापर्यंत पोचतं तरी का, अशी शंका यायला लागली होती.

खरी धास्ती वेगळीच होती. सारंग, म्हणजे लाँच हाकणारा, वर सुकाणूवर असतो. त्याला खालचं दिसत नाही, मला वरचं. तो दोरी ओढतो आणि माझ्या डोक्याजवळची घंटा वाजते. आमच्या लाँचवर एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे इंजिन उलटं घे. तीच घंटा मला ऐकू येईनाशी झाली होती. मी तिच्या लोलकावर नजर ठेवून काम निभावत होतो. कुणाला बोललो नाही. बोललो तर नोकरी जाईल, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

नवरात्रातली अष्टमी होती. मुंबईला देवीच्या दर्शनाला गेलेल्या बायका दुपारच्या फेरीने परत येत होत्या. लाँच खच्चून भरलेली, वारा सुटलेला. बसायला जागा नाही म्हणून एक म्हातारी कोळीण इंजिनाकडे उतरणाऱ्या शिडीच्या पायरीवर येऊन बसली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मांडीवर प्रसादाची पिशवी. मी हातानेच सांगितलं, इथे बसू नका. ती नुसती हसली.

मोरा जवळ आलं आणि डिझेलच्या नळीतून थेंब गळताना दिसले. मी फडकं घेऊन वाकलो. नजर घंटेवरून हटली, आणि पाठीत दणकन थाप बसली. वळून पाहतो तर म्हातारी एका हाताची दोन बोटं माझ्या तोंडासमोर नाचवत होती, दुसऱ्या हाताने घंटेकडे दाखवत होती. लोलक अजून हलत होता. मी दांडा खेचला. इंजिन गुरगुरलं, पायाखालच्या फळ्या थरथरल्या, लाँच हिसका खाऊन थबकली. बाजूच्या खिडकीतून एक होडी सरकताना दिसली, इतकी जवळ की तिच्यातल्या नवरा-बायकोचे चेहरे मला आजही आठवतात. होडी हातभर अंतरावरून निघून गेली.

म्हातारी माझ्या कानाला तोंड लावून ओरडली, "तुला आयकू येत नाय ना?"

एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा म्हणालो, "नाही."

"माजे घोवाचा पन असाच झाला व्हता. इंजिनानंच कान खाल्लं त्याचं. कोनला सांगलंस?"

"देवीला सांगतो. रोज."

"तिनं आयकला. आता सारंगाला सांग."

धक्क्याला लागेपर्यंत ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. घंटा झाली की तेवढ्याच थापा खांद्यावर. लाँच बांधली गेली तसा मी इंजिन बंद करून वर धावलो. थांबलो असतो तर धीर गेला असता. दत्ताकाका, आमचे सारंग, घाम पुसत होते.

"काका, मला घंटा ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

"माणसं होती रे लाँचवर," ते एवढंच म्हणाले. मग मला पेटीवर बसवलं आणि चहा मागवला. मी म्हातारीला शोधायला वळलो, तर धक्क्यावर हिरव्या लुगड्यांची गर्दी पांगत होती. त्यात ती दिसली नाही. पुढे मोऱ्यात विचारलं, दिवाळे गावात मासळी वाळवणाऱ्या बायकांनाही विचारून आलो. कुणाला पत्ता नाही. ती कोण होती, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

कामोठ्याला माझी बहीण राहते. तिने तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे तपासणी करवली. आवाजाने आतल्या नसा गेल्या आहेत, त्या परत यायच्या नाहीत, शिट्टीही कदाचित राहील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कानाला मशीन बसवलं त्या दिवशी बहिणीबरोबर तिच्या सोसायटीत शिरलो आणि लिफ्टमध्ये एक बाई दरवाजा बंद करा म्हणाली. मी मागे वळून पाहिलं, आमच्याशिवाय कुणीच नव्हतं; बोलत होती ती लिफ्टच. बहीण हसत सुटली, आणि तिचं ते हसणं मला अख्खं ऐकू आलं. त्या आनंदात मी लिफ्टने तीनदा वरखाली केलं.

नोकरी गेली नाही. काकांनी मला इंजिनावरून काढून तिकिटांवर बसवलं. शिट्टी आहे, पण तिचं भय गेलं. आईने कसं ऐकावं, हेही मीच ठरवून बसलो होतो, हे आता कळतं. ते तिच्यावर सोडलं तेव्हा हलकं वाटलं. गेल्या महिन्यात दुसऱ्या लाँचचा ड्रायव्हर माझ्या तिकीटखिडकीशी घुटमळत होता. गर्दी सरल्यावर हळूच म्हणाला, "दादा, माझ्या कानात पण..." मी खिडकी लावली, देवीला हात जोडले आणि त्याला घेऊन कामोठ्याची गाडी पकडली.