कुसुमने स्वतः चहा केला

मंडळी, एक सल्ला हवाय.

घोटावड्यात माझ्या शेजारी राहणारी कुसुम मणक्याच्या दुखापतीने कमरेखाली लुळी आहे. एका संस्थेच्या अनुदानातून रोज मदतनीस बाई येते, म्हणून कुसुम खोली घेऊन एकटी राहू शकते.

आज संस्थेचे साहेब पाहणीला आले. घरमालकीण आधीच बजावून गेली होती, "पडून ऱ्हा गं. लई हुशारी दावू नगंस."

कुसुमने चाकाच्या खुर्चीतून चहा केला.

साहेब खूश! "वा! मग मदतनीस कशाला?"

कुसुम पांढरीफटक पडली. सकाळी तिला खुर्चीत बसवतं कोण, हे त्या शहाण्याने विचारलंच नाही. मी सुनावलं, तरी त्याने कागदावर काहीतरी लिहिलंच.

बाई बंद झाली, तर कुसुम पुन्हा भावाच्या घरी, खाटेवर.

पुढच्या पाहणीला लोळत पडून राहा, असं मी तिला शिकवू का?