हिशोब पैशापर्यंत बरोबर

घणसोलीत बँक-परीक्षांचा एक क्लास आहे, तिथे मी गणित शिकवतो. आमच्या किश्शांचं एक बरं आहे, बँकेतल्या व्याजासारखे ते कोणी मधेच काढून घेत नाही, त्यामुळे वाढतच जातात! फक्त बहुतेक किश्शांत फजिती माझीच होते. सांगताना हसतो, पण आतून लाज वाटते ती वाटतेच.

* * *

क्लासची जागा म्हात्रेशेठची. तळवलीचे मूळ गावकरी, आता तीन बिल्डिंगांचे मालक. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, "शेठ, भाड्याचे पैसे एफडीत टाका. व्याज काढू नका, व्याजावर व्याज चढतं. दहा वर्षांत दुप्पट!"

शेठनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तर, तुमाला तं ह्ये कवापासून ठाव हाय. मंग शर्ट तोच कसा?"

इंग्रजीच्या शिल्पा मॅडम तोंडावर पदर धरून बाहेर पळाल्या.

* * *

कंटिन्युअस व्याज हा माझा लाडका विषय. शंभर रुपये, दहा टक्के. वर्षाला एकदा व्याज धरलं तर एकशे दहा. दर महिन्याला धरलं तर एकशे दहा रुपये सत्तेचाळीस पैसे. मग रोज, मग दर सेकंदाला, मग क्षणाक्षणाला! घामाघूम होऊन फळा भरला. उत्तर आलं, एकशे दहा रुपये बावन्न पैसे.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, एवढं टेन्शन पाच पैशांसाठी?"

* * *

बेलापूरला बँकेत गेलो होतो. एफडीवर व्याज चार रुपये कमी दिसलं. तिमाही चक्रवाढ कशी धरतात ते मी काउंटरवरच्या मॅडमना जोरजोरात समजावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, चार रुपये मी देते. मागे लाइन बघा."

मागे पाहिलं तर लाइनीत माझेच दोन विद्यार्थी. एकानं तर "गुड मॉर्निंग सर" पण म्हटलं!

* * *

आता हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

शिल्पा मॅडमनी एका स्कीमचं पत्रक आणलं. रोज एकोणीस पैसे शेकडा, तेही रोज चक्रवाढ, वर्षात जवळजवळ दुप्पट. "सर, तुम्ही बघून सांगा ना." मला काय, खडू दिसला की राहवत नाही. भरल्या वर्गात मांडलं. शंभराचे एकशे नव्याण्णव रुपये चौऱ्याण्णव पैसे. पत्रकातही नेमके तेच! मी टाळी वाजवून म्हणालो, "हिशोब पैशापर्यंत बरोबर!"

पहिल्या बाकावरच्या रोहिणीनं फळ्याचा फोटो काढला, वडिलांना दाखवायला.

हे पैसे देणार कोण, कुठून, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मी स्वतः पैसे भरले, मॅडमनी भरले. दोन महिन्यांत त्या ऑफिसचं शटर बंद, फोन बंद.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बरोबर म्हणाला होतात."

"हिशोब बरोबरच होता," मी म्हणालो. आणि माझी मलाच इतकी लाज वाटली की चहा तसाच ठेवून उठलो.

* * *

रोहिणीचे वडील रबाळ्याला कारखान्यात आहेत, मूळचे बीडकडचे. शटर बंद झाल्यावर पंधरा दिवसांनी ते क्लासच्या दारात उभे. कारखान्यातल्या बोनसचे पैसे त्यांनी त्याच स्कीममध्ये घातले होते, ते रोहिणीनं मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. पैसे लेकीच्या फीसाठी ठेवलेले. आता हा माणूस चारचौघांत माझी गचांडी धरणार, आणि धरावीच, असं वाटलं. मी हात जोडून उभा राहिलो.

त्यांनीही हात जोडले.

"सर, पोरगी म्हणली तुमचेबी गेले. लई वाईट वाटलं बघा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "फीला दोन-तीन महिने उशीर हुईल. पण तिला बसू द्या वर्गात. मी व्याजासकट देतो. किती हुतील ते तेवढं तुमीच काढून द्या सर, तुमचा हिशोब कधी चुकत नाही म्हणती ती."