सरळ केलेलं लाटणं

बायकोनं लाटणं माझ्याकडे दिलं ते फक्त मुठीची कूस काढायला. उजव्या मुठीला लाकडाची एक बारीक कूस निघाली होती आणि ती तिच्या तळहाताला लागायची. ती म्हणाली, "अहो, एवढी मूठ घासून द्या. बाकीचं आहे तसं राहू द्या." मी हो म्हणालो. आता एवढ्या दोन वाक्यांत न समजण्यासारखं काय होतं, ते मला अजून सांगता आलेलं नाही. तिनं बरेचदा विचारलंय.

पण आधी लेथचं सांगायला हवं, नाहीतर मी नुसताच मूर्ख वाटेन. तसा मी आहेही, पण त्याला कारणं आहेत.

भाईंदर पूर्वेला एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी उभा जन्म तपासनीस म्हणून काढला. ताटं, वाट्या, डबे समोरून जायचे आणि जरा काही वाकडं दिसलं की मी बाजूला काढायचो. माझ्या हातून वाकडं ताट बाहेर गेलं, असं कुणी म्हणून दाखवावं. निवृत्त झालो, पण हात थांबेनात. घरातले पडदे सरळ कर, कॅलेंडर सरळ कर, चपला एका रेषेत लाव. शेवटी मी मजल्यावरच्या लोकांची पायपुसणीसुद्धा सरळ करायला लागलो. समोरची बाई एक दिवस म्हणाली, "अंकल, रहने दीजिए ना." बायकोनं ते ऐकलं आणि मला सांगितलं, काहीतरी छंद बघा, नाहीतर मी माहेरी निघून जाते. तिची आई गेल्यापासून माहेरी कुणी उरलेलं नाही. धमकी तशी पोकळच होती, तरी मी घाबरलो.

मोबाइलवर एका माणसाला चार मिनिटांत लाकडाच्या ओंडक्याची वाटी करताना पाहिलं आणि मला वाटलं, हे आपल्याला जमेल. छोटं लेथ मशीन मागवलं. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी ती केवढीशी. तिथे तुळस, वॉशिंग मशीन, वाळत घातलेले कपडे आणि मधे लेथ. लाकूड दोन टोकांना धरून ते गरगर फिरवतं आणि आपण पटाशी टेकवून त्याला आकार द्यायचा, एवढंच खरं तर काम. पण मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत नुसती चित्रं होती, आणि चित्रातला माणूस कुठल्या बाजूला उभा आहे तेच कळत नव्हतं. दोन दिवस मी लेथच्या पाठच्या बाजूला उभा राहून काम करत होतो. पटाशी लावली की ती वर उसळायची. मला वाटलं, असंच असतं, शिकायला वेळ लागतो.

पुढच्या बाजूला आलो तरी डोक्यातला घोळ काही सुटेना. एक व्हिडिओ म्हणायचा वेग वाढवा, दुसरा म्हणायचा वाढवलात तर मराल, तिसरा दोघांना हसायचा. पटाशी आधी मशीनच्या आडव्या टेकूवर टेकवायची की आधी लाकडाला लावायची? तिरकी धरायची म्हणजे कुठे तिरकी? मोडक्या खुर्चीचा एक पाय चढवला होता, तो पटाशीनं असा धरला की उडून थेट ग्रिलवर आपटला. आवाजानं खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. मी त्यांना म्हणालो, कुकरचं झाकण पडलं. त्यांनी माझ्या अंगावरच्या भुशाकडे पाहिलं आणि निघून गेले.

एक गोष्ट मात्र मला जमायची. लाकूड फिरत असताना पॉलिशपेपर धरायचा आणि ते गुळगुळीत करायचं. म्हणूनच बायकोनं लाटणं दिलं असणार. इतके दिवस मी तिच्या गॅलरीत जागा अडवून बसलो होतो, तर चला, यांना एक काम देऊ. हे आता कळतं.

लाटणं चढवलं. मूठ मिनिटभरात गुळगुळीत झाली. तिथे मशीन बंद करायचं होतं. पण ते फिरत होतं आणि फिरताना मला दिसलं की लाटणं वाकडं आहे. मधे जाड, दोन्ही कडांना बारीक, आणि डावीकडे पोट जरा जास्तच. माझे हात शिवशिवले. मनात म्हटलं, बिचारी, लग्नाला एकतीस वर्षं झाली, लाटून लाटून कडा झिजल्या आहेत आणि ही तशीच रेटतेय, कुणाला बोलली नाही. मी पटाशी घेतली.

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पटाशी सुरळीत चालली. लांबच्या लांब छिलके निघाले. ना आवाज, ना धक्का. मी इतका खूश झालो की थांबायचं भानच राहिलं नाही. कारखान्यातला जाडी मोजायचा व्हर्नियर काढला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं. केसाचाही फरक नाही. वरचा काळपट थर जाऊन आतलं पिवळं लाकूड निघालं होतं, त्याला गोडंतेल चोळलं. कारखान्यात असतो तर पहिल्या झटक्यात पास केलं असतं.

कणीक मळून तयार होती. बायकोनं लाटणं हातात घेतलं आणि बघत राहिली. मी म्हटलं, "बघ तरी लाटून." तिनं लाटलं. पोळी मधे जाड राहिली आणि कडेला फाटली. दुसरीचंही तेच. तिसरी लाटताना ती म्हणाली, "फिरत नाही हो पोळी." मला काही कळेना. पोळी कशी फिरेल? तेव्हा तिनं सांगितलं की लाटताना पोळी लाटण्याखाली आपली आपण फिरते, तिला हात लावावा लागत नाही. मी आजवर समजत होतो की ती हातानं फिरवते. ओट्यापासून चार पावलांवर बसून इतकी वर्षं जेवलो, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

तिनं गॅस बंद केला. "आईचं होतं हो ते," एवढंच म्हणाली. तिच्या आईनं स्वतःच्या हातातलं, लाटून लाटून काळं झालेलं लाटणं आणि पोळपाट लग्नात तिला दिलं होतं आणि स्वतःसाठी नवं आणलं होतं. हेही मी तेव्हाच ऐकलं. की आधी ऐकलं होतं आणि विसरलो होतो, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी ताटात पोळीभाजी केंद्रातल्या पोळ्या आल्या. तिसऱ्या दिवशीही. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. ती रागावली असती तर मला झेपलं असतं. पण ती नेहमीसारखी बोलायची, चहा द्यायची, लाइटबिल भरलं का विचारायची. फक्त पोळ्या करायची नाही. मी बाजारातून दोन नवी लाटणी आणली. "ठेवा तिथे," म्हणाली. मग माझं डोकं फिरलं आणि मी व्हर्नियर घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. "अगं, पण सरळ आहे हे. मोजून बघ."

"मोजलंत ना तुम्ही," ती म्हणाली. "मग झालं."

कारखान्यातला माझा एक जुना सोबती उत्तनकडचा. तो म्हणाला, डोंगरीला एक म्हातारा कातारी आहे, लेथवर लाकूड कातणारा, त्याला दाखव. मी लाटणं पिशवीत घालून भाईंदर स्टेशनवरून बस पकडली. म्हातारा घरामागच्या शेडमध्ये जिन्याच्या कठड्याचे खांब कातत बसला होता. गळ्यात क्रॉस, अंगात बनियन, भुवयांवर भुसा. त्यानं लाटणं बोटांवर फिरवून पाहिलं.

"कोनी केलं?"

"मी."

"हात बरा हाय तुजा. सरल केलंस."

मला बरं वाटलं. चार दिवसांत माझं कौतुक करणारा हा पहिलाच माणूस. मग त्यानं विचारलं, "पयलं पोट किती होतं त्याला?"

मला सांगता येईना. म्हातारा एकेक विचारत गेला. सर्वांत जाड कुठे होतं? डावीकडे म्हणजे किती डावीकडे? उतार एकदम होता की हळूहळू? मोजलं होतं ते कापून झाल्यावर. कापायच्या आधी मी फक्त वाकडं एवढंच पाहिलं होतं. रोज सकाळी ते लाटणं माझ्या डोळ्यांसमोर असायचं, आणि आता डोळे मिटून आठवायला गेलो तर एक गोल दांडका दिसत होता, कुठल्याही घरातला.

"ठाऊक न्हाय," मी त्याच्यासारखंच म्हणालो.

तो हसला नाही. म्हणाला, "याच्या जोडीचा पोलपाट हाय ना घरी? तो घेऊन ये." मग त्यानं मला बाभळीचे चार-पाच तुकडे दिले आणि उभं कसं राहायचं ते दाखवलं. पटाशीचं बूड कमरेला लावायचं, हात हलवायचे नाहीत, अंग हलवायचं. इतके व्हिडिओ पाहून जे कळलं नव्हतं ते त्यानं माझ्या कमरेला एक चापट मारून शिकवलं.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "पोळपाट हवाय. डोंगरीला न्यायचाय."

"पोळपाट घराबाहेर जाणार नाही," ती म्हणाली. तिचं चुकलं कुठे? खरं सांगायचं तर तो मधे खोलगट झालाय हे कधीचंच माझ्या नजरेत आलं होतं आणि पुढचा नंबर त्याचाच होता.

ती भाजी आणायला खाली गेली तेव्हा मी पोळपाट ओट्यावर खिडकीशी ठेवला आणि त्यावर माझं सरळ लाटणं ठेवलं. काय बघायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. सहज वाकलो, डोळा ओट्याच्या पातळीला आला, आणि लाटण्याखालून पलीकडचा उजेड दिसला. कडांना लाटणं टेकलं होतं. मधे फट होती, डावीकडे जरा जास्त. एवढंच लाकूड मी काढलं होतं. दोन बायकांनी वर्षानुवर्षं दोन्ही वस्तू एकमेकांवर बसवल्या होत्या. लाटणं वाकडं नव्हतं. ते या पोळपाटापुरतं बरोबर होतं.

मी तिथेच ओट्याला धरून उभा राहिलो आणि मला रडू आलं. लाटण्यासाठी, सासूबाईंसाठी की स्वतःसाठी, ते काही उमगलं नाही. मुळात मी रडणारा माणूस नव्हे. बायको आली तेव्हा मी कांदा चिरत होतो. कांदा कशाला लागणार होता ते तिनं विचारलं नाही.

त्यानंतर गॅलरी ते ओटा आणि ओटा ते गॅलरी. बाभळीचा तुकडा चढवायचा, थोडा कातायचा, उतरवून पोळपाटावर ठेवायचा, वाकून उजेड बघायचा, पुन्हा चढवायचा. व्हर्नियर मी कपाटात टाकला, कारण त्यात बघून काही कळेना. पहिल्या लाटण्याचं पोट बरोबर मधोमध आलं. मी पोळपाट कधी असा, कधी तसा ठेवून बघत होतो आणि तीन दिवस माझ्या ध्यानातच आलं नाही. दुसरं इतकं जाड की पोळपाटावर डुगडुगलं. तिसरं नीट होत आलं होतं, तर हावरटासारखा शेवटचा एक हात फिरवला आणि फट परत दिसायला लागली. बायको येता-जाता बघायची. एकदा मी वाकलेलो असताना तिनं ओट्यावरचा डबा उचलून बाजूला केला, उजेड अडत होता म्हणून. मी बराच वेळ विचार करत बसलो की याचा अर्थ काय.

चौथ्याखाली उजेड दिसला नाही. मी तीनदा वाकून पाहिलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

त्या दिवशी तिनं कणीक मळली. मी नेहमीच्या खुर्चीत न बसता ओट्यापाशी उभा राहिलो. तिनं गोळा घेतला, पीठ लावलं आणि लाटायला लागली. पहिले दोन-तीन हात काहीच झालं नाही. मग पोळी जराशी सरकली, थांबली, आणि हळूहळू फिरायला लागली. तिचे हात फक्त लाटण्यावर होते. मी पहिल्यांदाच ते नीट बघत होतो.

"फिरतेय," मी म्हणालो.

"दिसतंय मला." तिनं पोळी तव्यावर टाकली. "चांगलं झालंय. पण हे तुमचं आहे. आईचं ते गेलं." आईचं, म्हणजे मी सरळ केलेलं लाटणं, तिनं साड्यांच्या कपाटात ठेवलंय.

तिनं दुसरी लाटली, तिसरी लाटली. चौथ्या पोळीला थांबली आणि उजवा तळहात उघडून बघितला.

"काय झालं?"

"कूस राहिलीय मुठीला."

मी पॉलिशपेपर घेऊन आलो आणि लाटण्यासाठी हात पुढे केला. तिनं माझ्या हातातला पॉलिशपेपर काढून घेतला, खुर्ची ओढून बसली, आणि लाटणं मांडीवर धरून फक्त मूठ घासायला लागली. तव्यावरची पोळी तेवढी मला उलटायला सांगितली.